दोन बोटांचा उतार

खुर्ची करून द्या म्हणून कुणी आलं, की मिस्त्री पहिल्यांदा विचारायचे, "बसणार कोण?" कसली पाहिजे, कुठल्या लाकडाची, कधीपर्यंत, यातलं काही नाही. बसणार कोण. समोरचा म्हणायचा, आता कोण म्हणजे काय, घरातलं कुणीही बसेल. मग मिस्त्री रंधा उचलून आपल्या कामाला लागायचे आणि तो माणूस तसाच दारात उभा राहायचा. ओतूरला त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, त्यामुळं अशी ताटकळलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. काही जण बडबडत निघून जायचे. जे शहाणे असायचे ते म्हणायचे, वडलांसाठी पाहिजे. मग मिस्त्री मान हलवायचे. "हां. मंग येतो बसणं बघाया."

हे बसणं बघणं म्हणजे एक प्रकरणच होतं. त्या घरी जायचे, चहा घ्यायचे, पाऊसपाणी, कांदा, भाऊबंदकी अशा गप्पा काढायचे आणि तासदोन तास त्या माणसाच्या गुडघ्यांकडं बघत बसायचे. माणूस कुठल्या अंगावर रेलतो, एक पाय वर घेतो का, उठताना कशाला धरतो. टेप खिशातून कधी काढला नाही. मापं शिंप्यानं घ्यावीत, म्हणायचे.

बायकांचं बसणं बघायला मात्र ते जायचे नाहीत, बरं दिसत नाही म्हणून. तिथं काकी जायची. काकी म्हणजे त्यांची बायको. हळदीकुंकवाच्या निमित्तानं ती जाऊन यायची आणि घरी आल्यावर मिस्त्रींच्या समोर हुबेहूब त्या बाईसारखी बसून दाखवायची. गावातल्या कितीतरी बायकांचं बसणं काकीला पाठ होतं. मी हट्ट केला की एकेक करून दाखवायची, माझ्या आईचं, आत्याचं, शाळेतल्या बाईंचं, आणि आम्ही दोघी हसून हसून लोळायचो. मिस्त्री हसायचे नाहीत. ते बघत असायचे. या दोघांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्या घरात इतकी पडीक असायची, की आई म्हणायची, हिला तिकडंच दत्तक द्या.

एकदा सोसायटीच्या ऑफिसासाठी बारा खुर्च्यांचं काम आलं. दुसरा असता तर पेढे वाटले असते. यांनी निरोप धाडला, बाराही संचालक एकदा बसलेले दाखवा. चेअरमन तापले, पण मीटिंगला बोलावलं. मिस्त्री कोपऱ्यात बसून बघून आले आणि तीन महिन्यांनी खुर्च्या पाठवल्या अकरा. बारावी कुठंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, एक जण सारखा तंबाखू थुंकायला बाहेर जातो, त्याला खुर्ची कशाला? अकरा खुर्च्या अकरा तऱ्हेच्या. पुढच्या निवडणुकीत संचालक बदलले आणि एकालाही कुठली धड बसेना. लोक मिस्त्रींना बोल लावायला आले तर हे म्हणाले, मग निवडताना बघायचं होतं.

दुसरी खोड म्हणजे कुणाच्याही घरी गेले की स्टूल, पाट, टेबल, जे हाताला येईल ते उलटं करून बघायचं. वरून सगळेच गुळगुळीत करतात, खरं काय ते खाली कळतं, असं त्यांचं म्हणणं. जुन्नरला आमच्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी नवरानवरीचा मखमली कोच उलटा केला. मंगलाष्टकांना अर्धा तास राहिलेला, आणि हा माणूस स्टेजवर गुडघे टेकून कोचाच्या पोटात डोकं घालून बसलेला. मी लाजेनं अर्धी झाले. पण कोचाचा मागचा पाय खरंच मोडलेला निघाला, बांधकामाच्या तारेनं बांधला होता. दुसरा कोच मिळेना. मग मिस्त्री सगळं रिसेप्शन संपेपर्यंत कोचामागं खांदा लावून बसून राहिले. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरीच्या मधोमध पांढऱ्या टोपीचं टोक आहे, प्रत्येक फोटोत.

लेण्याद्रीला मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. लोक पायऱ्या चढून गणपतीचं दर्शन घेतात आणि उतरतात. मिस्त्रींनी दर्शन घेतलं आणि शेजारच्या लेण्यात शिरले. भिक्षूंच्या त्या लहान लहान खोल्या असतात ना, दगडाचा ओटा कोरलेला, झोपायला. एकेका ओट्यावर हे आडवे व्हायला लागले. टोपी छातीवर धरून, डोळे मिटून. एका ओट्यावर त्यांचे पाय बाहेर राहिले. तर मला म्हणाले, "ह्यो बुटका व्हता बघ. आन शेजारचा उंच. दगूड फोडताना बी माणूस बघितलाय त्यांनी." ते खरं होतं की खोटं, मला अजून माहीत नाही. त्या दिवशी मात्र मला ते शंभर टक्के पटलं होतं.

दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडून करवत धरायला शिकले. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला हे कशाला. मिस्त्रींनी सरळ माझ्या हातात करवत दिली. पुढं मी पुण्याला फर्निचर डिझाइन शिकले, तिथंच एका ऑफिसात लागले. शिकायला निघाले तेव्हा त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, चार वर्षं काय शिकवतात, बसायला? पण बस हलेपर्यंत स्टँडवर उभे होते.

काकी पडली तेव्हा मी पुण्यातच होते. न्हाणीत पाय घसरला, डाव्या खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, काकी घरी आली. डावा पाय आखूड झाला होता, पण तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. मिस्त्रींनी तिच्या डाव्या चपलेला जाड तळ लावून दिला, ती लुगडं जरा खाली नेसायला लागली, संपलं. काकी मानी होती. कुणी उठवायला हात पुढं केला तर ती तो झिडकारायची. म्हणायची, मेल्यावर उचलणारच आहात, त्याच्या आधी घाई कशाला?

मिस्त्रींनी चार महिने तिचं बसणं बघितलं. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांची बसणी आणून दाखवली, आता तिचं स्वतःचं. मग खुर्ची केली. लाकूड तिच्या माहेरचं. काकीचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलेलं. पाणी चढायच्या आधी तिच्या भावांनी घर उतरवलं तेव्हा सागाची एक तुळई मिस्त्रींनी मागून आणली होती आणि इतकी वर्षं माळ्यावर जपून ठेवली होती. त्या तुळईची ही एकच खुर्ची झाली. ओसरीवर ठेवली. काकी सकाळी आंघोळ करून तिच्यात बसायची आणि दिवसभरात चाळीस वेळा उठायची. दूध बघायला, कोंबडीला हाकलायला, माझ्या आईला हाक मारायला. कुणाला न धरता. गावाच्या लेखी ही एक साधी खुर्ची होती. काकीच्या लेखी ते तिचं चालतंबोलतं राहणं होतं.

आता माझ्यावर येते.

पुण्यात दर वर्षी थंडीत डिझाइन आणि फर्निचरचा एक आठवडा भरतो. शहरभर. जुने बंगले, बंद पडलेली गोदामं, कॉलेजांची आवारं, हॉटेलांच्या लॉबी, जागोजागी प्रदर्शनं मांडतात आणि लोक नकाशा घेऊन हिंडतात. त्या वर्षी आमच्या ऑफिसानं कॅम्पातल्या एका बंगल्याचा हॉल घेतला. गावाकडच्या बसायच्या वस्तू मांडायचं ठरलं, घडवंची, बाज, पाट, आणि मी छाती पुढं काढून सांगितलं की आमच्याकडं एक खुर्ची आहे, तशी तुम्ही जन्मात पाहिली नसेल.

मिस्त्री नाही म्हणाले. ती रिकामी नाही, एवढंच म्हणाले. मी मग काकीला गाठलं. मला माहीत होतं ती मला नाही म्हणणार नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते. काकी म्हणाली, ने गं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, मी बाजेवर बसेन. हल्ली गावात सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणतात, यांच्याकडं कुणी फिरकत नाही, पुण्याची माणसं बघू देत तरी यांचं काम. मिस्त्रींनी दोन अटी घातल्या. तिच्यात कुणी बसायचं नाही, आणि परत न्यायला ते स्वतः येणार.

हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर खुर्ची ठेवली आणि ती डावीकडं झुकलेली दिसली. घरी तिच्यावर कायम गोधडी असायची आणि गोधडीवर काकी, त्यामुळं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी पाणसळ ठेवून बघितली. दोन बोटांचा उतार. ऑफिसातले दोघे एकमेकांकडं बघून हसले. एक जण म्हणाला, काय गं, हाच का तुझा उस्ताद? मला इतकं लागलं ते. मिस्त्रींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन खुर्ची करायच्या सुमारासच झालं होतं, दुसऱ्यानं अंधुकच दिसायचं. मी मनाशी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला अंदाज आला नाही. लोकांनी त्यांना हसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी खुर्ची बंगल्यामागच्या आमच्या तात्पुरत्या वर्कशॉपात नेली, आडवी केली आणि उजवीकडचे दोन्ही पाय दोन दोन बोटं कापले. पाणसळ पुन्हा ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. मला बरं वाटलं. मायेनं केलं मी ते, हे खोटं नाही, आणि त्यानं काही फरक पडत नाही.

जिनं लहानपणापासून त्यांना माणसांचे गुडघे बघताना पाहिलं, तिला हा उतार कशासाठी आहे हे कळू नये? काकीचा डावा पाय दोन बोटं आखूड होता. बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकावीत म्हणून डावी बाजू खाली. आणि उठायचा सगळा जोर उजव्या पायावर, म्हणून उजवी बाजू वर, की खुर्चीनंच तिला लोटावं. चार वर्षं शिकून मी एवढं शिकले होते, की खुर्ची सरळ असते.

शेवटच्या दिवशी, रविवारी, मिस्त्री पहिल्या एसटीनं आले. परीटघडीचं धोतर, पांढरी टोपी, पिशवीत आईनं बांधून दिलेली भाकरी. शिवाजीनगरला उतरल्या उतरल्या म्हणाले, आधी आपली खुर्ची बघू. मी म्हटलं, नाही काका, ती शेवटी. तुम्हाला सगळं शहर दाखवते आणि मग तिकडं नेते. मला वाटत होतं मी त्यांना मोठा आनंद देणार आहे. ते कबूल झाले, कारण काकीनंही बजावलं होतं की सगळं नीट बघून या आणि मला सांगा.

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहे. दुपारपर्यंतचा. रिक्षानं हिंडलो, चालत हिंडलो. प्रत्येक दारावर रंगीत निशाण, मनगटाला कागदी पट्टी बांधायचे. मिस्त्रींनी ती पट्टी राखीसारखी उजव्या हाताला बांधून घेतली. तारेच्या खुर्च्या बघितल्या, दुधाच्या पिशव्या दाबून केलेला बाक बघितला, एका पायावर उभं राहणारं टेबल बघितलं. त्या टेबलाभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. एका गोदामात त्यांनी नेहमीप्रमाणं स्टूल उलटं केलं आणि सिक्युरिटीवाला धावत आला. ज्यानं ते केलं होतं तो तरुण मध्ये पडला, बघू द्या म्हणाला. मिस्त्रींनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि त्या पोराच्या पाठीवर थाप मारली. पोरगा खूष झाला, त्यानं मिस्त्रींबरोबर फोटो काढला.

आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न. कुणासाठी केली? मुलं गोंधळायची. एक जण म्हणाला, सगळ्यांसाठी, आजोबा. मिस्त्री माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, म्हंजी कुणासाठीच न्हाई. दुसऱ्यानं सांगितलं की ही बसायची नाहीच, बघायची आहे. त्यावर मिस्त्रींनी हात जोडले.

एका कॉलेजच्या आवारात एका मुलीनं केलेली खुर्ची होती, खुर्चीचा एक हात दुसऱ्यापेक्षा रुंद. मिस्त्रींनी विचारलं तर ती म्हणाली, माझ्या आजोबांसाठी. त्यांचा उजवा हात थरथरतो, कपाला टेकण लागते. मिस्त्री तिथंच खाली फरशीवर बसले. आजोबांचं वय काय, कुठल्या कुशीवर झोपतात, घास कुठल्या हातानं घेतात, अर्धा तास विचारत राहिले. उठले तेव्हा डोळे भरले होते. मला म्हणाले, ह्या पोरीला येतंय. आता चल, आपली बघू.

बंगल्यात खुर्ची पांढऱ्या चौथऱ्यावर होती, भोवती दोरी, वरून दिवा. पाटीवर त्यांचं नाव होतं, गावाचं नाव होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. ते चार पावलांवर थांबले. दोरीपर्यंतही गेले नाहीत. खुर्ची सरळ उभी होती आणि त्यांना ते तिथूनच दिसलं. तेव्हा, त्यांचा चेहरा बघताना, मला काकीच्या चपलेचा जाड तळ आठवला आणि उताराचा अर्थ लागला. एका क्षणात.

ते दोरीखालून आत गेले, गुडघ्यावर बसले, खुर्चीचे पाय हातानं चाचपले. मग खुर्ची अर्धवट कलती करून कापलेल्या जागेकडं बराच वेळ बघत राहिले.

"कुणी कापली?"

"वर्कशॉपातल्या कुणीतरी असेल, काका. मला न विचारता."

हे मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. त्यांनी कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तुकडे कुटं हायेत?"

बंगल्यामागं लाकडाच्या भुशाची, तुकड्यांची पोती ठेवायचे. आम्ही मागं गेलो. तीन पोती होती. मिस्त्रींनी धोतर वर खोचलं आणि पोती पालथी केली. प्लायचे तुकडे, पाइनचे तुकडे, कागद. माझ्या नोकरीतली माणसं खिडकीतून बघत होती. सागाचा प्रत्येक तुकडा ते हातात घ्यायचे, वास घ्यायचे, बाजूला ठेवायचे. आधीची पोती सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेल्याचं वॉचमननं सांगितलं, तरी ते शोधत राहिले. शेवटी मीच त्यांना धरून उठवलं.

पिकअपमध्ये पुढं जागा होती, पण ते मागं खुर्चीजवळ बसले, ओतूरपर्यंत. मी पुढं ड्रायव्हरशेजारी. सगळ्या रस्त्यात मी ठरवत होते की घरी पोचलं की सांगून टाकायचं. काकीच्या पाया पडायचं आणि सांगायचं.

काकी ओसरीत बाजेवर बसली होती. आठ दिवसांत वाळल्यासारखी दिसली. बाज खोलगट, तिच्यातून तिला एकटीला उठता येईना, मग माझी आई येऊन उठवायची, हे मला तेव्हा कळलं. खुर्ची ठेवली तशी ती हसत बसली आणि दोन्ही हात टेकून उठायला गेली. उठता आलं नाही. पुन्हा जोर केला. मग तिनं खाली वाकून पायांकडं बघितलं.

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मिस्त्री बोलले. "मीच कापली. मला वाटलं तुजा पाय आता सुधारलाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आणि मी गप्प बसले. यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही. खुर्ची कापली ती चूक होती, हे मात्र मी समजून केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी उजव्या पायांखाली ठोकळे लावले. काकी उठताना एक ठोकळा सरकला आणि ती धपकन मागं बसली. लागलं काही नाही, पण तिनं धसका घेतला. कापलेल्या पायांना तुकडा जोडून चालत नव्हतं, उठताना सगळा भार तिथंच यायचा. मिस्त्रींनी खुर्ची खोलून नवे पाय केले, दुसऱ्या सागाचे. एका डोळ्यानं आणि कापऱ्या हातानं त्यांना महिना लागला. उतार पुन्हा तेवढाच धरला, खुर्ची पहिल्यासारखीच झाली. काकी पहिल्यासारखी झाली नाही. अंगातला जोर गेला होता आणि भरवसाही. बसायची, आणि उठायचं झालं की म्हणायची, धरा मला.

मी दर आठवड्याला यायला लागले. काकी माझ्यासमोर त्यांना बोलायची. म्हातारचळ लागलाय, म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांचे गुडघे बघितले आणि बायकोचा पाय दिसला नाही. एकदा म्हणाली, "तुमीच माजे पाय कापले." मिस्त्री भिंतीला टेकून ऐकून घ्यायचे. आणि मग तीच काकी माझ्या तोंडावरून हात फिरवायची, म्हणायची, पोरीनं एवढं पुण्यात नेऊन यांचं नाव केलं, आणि यांनी बघ. मी चहा करायला आत पळायची.

पावसाळ्यात ती बाजेवरून उठेनाशी झाली. मग छातीत कफ झाला. दिवाळीला काकी नव्हती.

तिला जाऊन दोन महिने झाल्यावर मी मिस्त्रींना सांगायला गेले. परसात ऊन खात बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वर्कशॉपात कुणी नव्हतं, काका, मी कापली. तुम्हाला लोक हसले म्हणून कापली. आणि तुमच्याशी खोटं बोलले, आणि काकीशी गप्प राहून खोटं बोलले.

ते म्हणाले, "म्हाईत हाय. तुजी करवत शेवटाला उजवीकडं पळती. धाव्वीच्या सुट्टीपासनं पळतीय. तितंच वळाकली मी."

मग काकीला खरं का नाही सांगितलंत, म्हणून मी रडायलाच लागले. का स्वतःवर घेतलंत? ती तुमच्यावर रागावून गेली, काका.

"माज्यावर रागवायची तिला सवय व्हती," ते म्हणाले. "तुज्यावर न्हवती. तुला ती पोटची मानायची. उतारवयात तेवडं एक व्हतं तिला, ते बी मोडायचं का?"

मी त्यांच्या पायाशी बसले. मला माफ करा, म्हणाले. आपल्याकडं मोठी माणसं अशा वेळी डोक्यावर हात ठेवतात, जाऊ दे गं म्हणतात. त्यांचा हात मांडीवरच राहिला. ते म्हणाले, "ते माज्याच्यानं अजून व्हत न्हाई. पर येत जा."

मी येत गेले. दोन वर्षं, दर रविवारी. त्यांना डाळभात करून द्यायची, डोळ्यात थेंब घालायची, गावातल्या गप्पा सांगायची. ते बोलायचे, कधी हसायचेही. मी निघाले की विचारायचे, पुढल्या रविवारी यायचीस ना. मागच्या माघात ते गेले, झोपेतच. मला माफ करणं त्यांना जमलं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.